जुन्या दुनळी बंदुकीसाठी हलकी काडतुसे : प्रकल्प नोंदी

२ ऑक्टोबर

प्रकल्पाची बंदूक बर्मिंगहॅमची, बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप) दुनळी आहे. नळ्या शेजारी-शेजारी आहेत, लांबी २८ इंच आहे, चाप दोन आहेत आणि उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या हाताने काढाव्या लागतात. वजन २.८६ किलो भरले. अँसन आणि डीली यांनी १८७५ मध्ये पेटंट घेतलेली बॉक्सलॉक रचनाच हिच्यात आहे, म्हणजे घोडे बाहेर दिसत नाहीत आणि नळ्या मोडून खाली केल्या की आतले घोडे आपोआप चढतात. उद्देश एवढाच, की या बंदुकीतून मातीच्या तबकड्यांवर नियमित नेमबाजी करता यावी आणि त्यासाठी लागणारी हलकी काडतुसे घरीच, कायद्याच्या आणि परवान्याच्या चौकटीत राहून, भरता यावीत.

पहिले काम म्हणजे शिक्के वाचणे. नळ्या उतरवून उलट्या धरल्या, की ब्रीचजवळच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाजवळच्या, सपाट भागावर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे ठसे दिसतात. ही संस्था संसदेच्या कायद्याने १८१३ मध्ये स्थापन झाली. तिथे बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून पाहतात आणि ती टिकली तरच ठसा उमटवतात. या नळ्यांवर ठशांचे दोन थर आहेत. जुन्या थरात मुकुटाखाली बी.पी. आणि मुकुटाखाली बी.व्ही. अशी अक्षरे आहेत, जी १९०४ पासून वापरात आली. नव्या थरात मुकुटाखाली बी.एन.पी., शेजारी नळीचा व्यास .७२९ इंच, चेंबरची (काडतूस बसते त्या जागेची) लांबी अडीच इंच आणि दाब ३ टन प्रति चौरस इंच असे कोरले आहे. ही पद्धत १९५४ च्या नियमांनंतरची. म्हणजे बंदूक आधीची असून पुढे कधीतरी तिची फेरचाचणी झाली आहे, आणि धूररहित दारूसाठी ती पास झालेली आहे. ती कोणी आणि का करून घेतली हे ठशांवरून कळत नाही, पण घेणाऱ्याने उपकार केले आहेत.

५ ऑक्टोबर

ठसा हा त्या दिवसापुरता दाखला असतो. त्यानंतर कोणी नळी आतून घासली असेल, गंजाचे खड्डे काढण्यासाठी आतला थर काढून टाकला असेल किंवा चेंबर लांब करून घेतले असेल, तर दाखल्याला अर्थ उरत नाही. म्हणून आज सगळी मापे घेतली.

नळीचा आतला व्यास ब्रीचपासून ९ इंचांवर मोजायचा असतो. उजव्या नळीत तो .७३२ इंच आणि डाव्या नळीत .७३३ इंच आला. ठसा .७२९ चा आहे, व्यास.७४० पर्यंत पोहोचला असता तर बंदूक प्रूफबाहेर गेली असती. नळीच्या भिंतीची जाडी मोजायला लांब दांड्याचे मापक लागते. एक टोक नळीच्या आत सरकवून बाहेरच्या डायलवर आकडा वाचायचा आणि नळी थोडी थोडी फिरवत पुढे जायचे, असे हे संथ काम आहे. सर्वांत पातळ जागा उजवीकडे .०२५ आणि डावीकडे .०२३ इंच निघाली. कायद्याने किमान जाडी ठरवलेली नाही. मात्र कारागीर मंडळी.०२० ही शेवटची मर्यादा मानतात आणि तिच्या जवळ जाणाऱ्या नळ्यांपासून लांब राहतात. डाव्या नळीत यापुढे कोणीही कसलीही घासणी करायची नाही, अशी चिठ्ठी पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवली.

चेंबर मापकाने अडीच इंचांचेच निघाले, म्हणजे ते लांबवलेले नाही. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेली अरुंदी, उजवीकडे .००५ आणि डावीकडे .०२० इंच आहे.

नंतर नळ्या पुढच्या हुकाने बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकल्या. स्वर स्वच्छ आणि लांब उमटला. नळ्यांमधली पट्टी सुटलेली असती तर खरखर ऐकू आली असती. शेवटी पुढचा लाकडी भाग काढून नळ्या कृतीत, म्हणजे बंदुकीच्या यंत्रणेच्या भागात, बसवल्या आणि बाजूला हलवून पाहिल्या. हालचाल जाणवली नाही. नळ्यांचा मागचा चेहरा आणि कृतीची उभी भिंत यांच्यात सिगारेटचा पातळ कागद ठेवून खटका बंद केला, तेव्हा तो ओढूनही निघाला नाही.

९ ऑक्टोबर

लाकडाची स्थिती नळ्यांइतकी चांगली नाही. दस्ता कृतीला जिथे भिडतो तिथले लाकूड काळपट आणि मऊ झाले आहे, आणि नखाने दाबले की खूण उमटते. अनेक वर्षे बंदूक नळी वर करून उभी ठेवली आणि नळीत सढळ हाताने तेल ओतले, की ते ओघळून याच जागी मुरते. तेल मुरलेले लाकूड धक्का झेलत नाही, चिरत जाते. उजव्या बाजूला वरच्या पट्टीच्या मागे साधारण एक सेंटिमीटरची केसासारखी चीर आहेच.

दस्ता उतरवून खडूची बारीक पूड विरघळकात कालवली आणि तिचा जाड लेप त्या भागावर दिला. ही कामे हवा खेळत्या जागी, आगीपासून दूर करायची असतात. दुसऱ्या दिवशी लेप पिवळसर तपकिरी होऊन तडकला होता. तो ब्रशने झाडून नवा लावला. लेप जवळजवळ पांढराच राहू लागेपर्यंत हे चालू ठेवले. चिरेत पातळ इपॉक्सी भरून शिकंज्यात ठेवले आहे. वरच्या जुन्या तेलपॉलिशला हात लावलेला नाही, कारण तिथली खाच-खळगी ही बंदुकीच्या वयाच्या खुणा आहेत आणि ती पुसून काही मिळत नाही.

१४ ऑक्टोबर

भरणीचा प्रश्न आज कागदावर नीट मांडला. या विषयात सगळ्यांत जास्त गोंधळ ‘हलके’ या शब्दाने होतो. छर्रे कमी असले तर काडतूस हलके, ते हलके म्हणून बंदुकीवर ताण कमी, असे सहज धरले जाते. प्रत्यक्षात ताण दोन प्रकारचे असतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध फार सैल आहे. धक्का लाकडाला आणि सांध्यांना बाधतो. तो छर्रे आणि वॅड (दारू व छर्रे यांच्यामधला बूच) किती वजनाचे आहेत व किती वेगाने बाहेर पडतात यावर ठरतो. दाब पोलादाला बाधतो. तो दारू किती झपाट्याने जळते आणि सुरुवातीच्या काही सेंटिमीटरांत वायूला किती जागा मिळते यावर ठरतो. जलद जळणारी दारू वापरून २१ ग्रॅमचे असे काडतूस सहज बनते, की ज्याचा धक्का मुलालाही जाणवणार नाही पण चेंबरमधला दाब २८ ग्रॅमच्या साध्या काडतुसापेक्षा जास्त असेल. जुन्या बंदुकीच्या मालकाला दोन्ही खाती वेगळी ठेवावी लागतात.

धक्क्याचा हिशोब घरी होतो. इंग्लिश बंदूककार ग्रीनरच्या नावाने चालत आलेला जुना नियम सांगतो, की बंदुकीचे वजन छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावे. २.८६ किलोला ९६ ने भागले तर ३० ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे ही बंदूक मुळात १ १/१६ औंसाच्या भरणीसाठी तोललेली होती. आता मला हवी आहे पाऊण औंस, म्हणजे साधारण २१ ग्रॅमची भरणी, सेकंदाला ३६५ मीटर वेगाने. वॅड आणि दारूचा वाटा बाजूला ठेवला, तर २८ ग्रॅम छर्रे ४०० मीटर वेगाने सोडताना जेवढा संवेग निर्माण होतो त्याच्या सुमारे ६८ टक्केच इथे होतो. आणि धक्क्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती निम्म्याहून थोडी खाली, ४७ टक्क्यांवर येते. दुरुस्त केलेल्या दस्त्यासाठी ही फार मोठी सवलत आहे.

दाबाचा हिशोब मात्र घरी होत नाही. वेगमापक यंत्र वेग सांगते, दाब नाही. रायफलच्या पुंगळीवरून जाणकार काही अंदाज बांधतात, पण छऱ्यांच्या काडतुसाचे दाब इतके कमी असतात, की प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) चपटा दिसला वा न दिसला तरी त्यातून काही ठरवता येत नाही. म्हणून दाब-चाचणी करून छापलेल्या भरणीतक्त्यांशिवाय दुसरा मार्ग नाही.

तक्ते वाचताना एककांची काळजी घ्यावी लागते. नळीवरचा ‘३ टन’ हा आकडा सरळ गुणाकाराने ६,७२० पौंड प्रति चौरस इंच होतो, पण तो धातूचा तुकडा चिरडून मोजण्याच्या जुन्या पद्धतीतला आहे. आजची मापे दाबाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या पिएझो संवेदकाने घेतात आणि त्याच काडतुसासाठी ती जास्त येतात. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चूक आहे. सी.आय.पी. या बंदुका-काडतुसांच्या चाचणीचे नियम ठरवणाऱ्या युरोपीय संस्थेच्या नियमांत साध्या बारा बोअर काडतुसाची कमाल सरासरी ७४० बार आहे, तर सामी या अमेरिकी उत्पादक संघटनेच्या नियमांत ११,५०० पौंड, म्हणजे ७९३ बार. मी या बंदुकीसाठी पिएझोने मोजलेल्या ५०० बारची मर्यादा ठरवली आहे. ती कोणत्याही नियमातून आलेली नाही, डाव्या नळीतला.०२३ हा आकडा बघून घेतलेला निर्णय आहे.

१९ ऑक्टोबर

साहित्य निवडले. पुंगळ्या नव्या, ६५ मि.मी. लांबीच्या, सरळ भिंतीच्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि प्रायमर आधीच बसवलेले आहेत. पुंगळीची लांबी ही तिचे तोंड उघडल्यावरची लांबी असते, हे लक्षात न घेतल्यामुळे अनेकांची गफलत होते. ७० मि.मी.चे बंद काडतूस अडीच इंची चेंबरमध्ये बिनबोभाट बसते. उडल्यावर त्याच्या पाकळ्या उघडून पुढच्या निमुळत्या भागात शिरतात, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. काडतूस आत बसले म्हणजे ते त्या चेंबरचे आहे असे होत नाही.

प्रायमर २०९ मापाचा आहे, पण २०९ हे माप आहे, ताकद नव्हे. त्याच मापाचे वेगवेगळ्या कारखान्यांचे प्रायमर दारूला वेगवेगळ्या जोमाने पेटवतात आणि बाकी काहीही न बदलता फक्त प्रायमर बदलल्याने दाब बराच वर जाऊ शकतो. वॅडचेही तसेच. पुंगळीच्या आतल्या भिंती सरळ आहेत की तळाकडे निमुळत्या होत जातात, यावरही आतली जागा आणि म्हणून दाब बदलतो. छापील भरणी ही पुंगळी, प्रायमर, दारू, वॅड आणि छर्रे या पाचांची मिळून एक असते. त्यांतला एक घटक बदलला की ती भरणी राहत नाही. याच कारणाने दारूचे नाव आणि वजन मी माझ्या वहीत तक्त्याच्या पानक्रमांकासह लिहिले आहे, इथे उतरवलेले नाही. ते संदर्भ सोडून फिरत राहणे धोक्याचे आहे.

छर्रे शिशाचे, इंग्रजी ७ नंबरचे, म्हणजे जवळपास २.४ मि.मी. व्यासाचे घेतले. पोलादी छऱ्यांचा विचारच नाही. ते दबत नाहीत आणि पातळ नळीत, चोकच्या जागी, कायमचा फुगवटा आणू शकतात.

२५ ऑक्टोबर

भरणी यंत्र टेबलावर पक्के केले. एका दांड्याच्या, एका वेळी एकच काडतूस भरणाऱ्या यंत्रालाच मी पसंती दिली. त्याचा वेग कमी आहे, पण प्रत्येक टप्प्यावर पुंगळीत डोकावता येते आणि नेमके तेच हवे आहे. हलक्या भरणीची दारू पुंगळीचा थोडाच भाग व्यापते, त्यामुळे ती चुकून दोनदा पडली तरी वॅड आत जाऊ शकतो. म्हणून दारू पडल्यावर प्रत्येक पुंगळी दिव्याखाली धरून पाहायची आणि मगच वॅड दाबायचा, असा क्रम ठेवला आहे. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असतो आणि काम संपले की उरलेली दारू मूळ डब्यातच परत जाते.

दारूचे माप आकारमानाने पडते. मापाच्या तक्त्यात दिलेले वजन आणि प्रत्यक्ष पडलेले वजन यांत फरक निघाला. तक्त्यापेक्षा कमीच पडत होते. दांडा हलवण्याच्या लयीनुसार दारू घट्ट वा सैल बसते, म्हणून ताजव्यावर तोलून पाहिल्याखेरीज मापावर विसंबता येत नाही. लय एकसारखी ठेवली तेव्हा फरक दशांश ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) काही घरांत राहिला.

छऱ्यांना हात लावून झाल्यावर साबणाने हात धुणे, टेबलावर खाणे-पिणे न करणे, भरताना चष्मा घालणे हे सगळे पाळले जाते.

२ नोव्हेंबर

पहिला गट भरला. त्रास झाला तो तोंड मुडपताना. २१ ग्रॅम छर्रे कमी जागा घेतात. वॅड बुटका असेल तर छऱ्यांवर पोकळी राहते, पाकळ्या मधोमध खोल बुडतात आणि टोकाला बारीक छिद्र उरते. त्यातून छर्रे एकेक गळतात. काहीजण वॅडच्या वाटीत पुठ्ठ्याच्या चकत्या टाकून पोकळी भरतात. मी तक्त्यातच उंच वॅड असलेली भरणी निवडली होती, त्यामुळे चकत्यांची गरज पडली नाही. सुरुवातीच्या काही काडतुसांत पाकळ्या वळणदार फिरल्या. मुडपण्याची पहिली पायरी थोडी खोल केली आणि शेवटची थोडी उथळ, तेव्हा सहाही पाकळ्या मध्यबिंदूला एकत्र आल्या. तोंड कडेपासून साधारण दीड मि.मी. आत बसले. ही खोली निव्वळ दिसण्याची बाब नाही. मुडप सैल असेल तर दारू पूर्ण दाब तयार होण्याआधीच वाट मोकळी होते आणि ती अर्धवट जळते. जास्त घट्ट असेल तर दाब वाढतो. प्रत्येक दहा काडतुसांनंतर एकाची खोली मोजली.

भरलेले प्रत्येक काडतूस चेंबरच्या मापाच्या कड्यातून गेले. दोन पुंगळ्यांची पितळी बुडे किंचित फुगलेली होती. ती बाजूला काढली.

९ नोव्हेंबर

बंदूक पहिल्यांदा रिकाम्या मैदानात, दोरी बांधून, खांद्याला न लावता उडवली. नंतर खांद्याला लावून. दस्त्याची चीर प्रत्येक नळीनंतर भिंगाखाली पाहिली, वाढलेली नाही. वेगमापकावर सरासरी सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास आली, म्हणजे तक्त्याच्या जवळ. काडतूस-काडतुसात फरक थोडा जास्त वाटला, पण कमी दाबाच्या भरणीत तो अपेक्षित असतो.

मग नमुना, म्हणजे छर्रे कसे पसरतात ते, पाहिला. ४० यार्डांवर मोठा कागद, आणि त्यावर जास्तीत जास्त छर्रे सामावतील असे ३० इंच व्यासाचे वर्तुळ. ७ नंबरचे एका औंसात सुमारे ३४० छर्रे भरतात, म्हणून पाऊण औंसात २५५. उजव्या नळीने त्यांतले सरासरी १४० च्या जवळ वर्तुळात टाकले, म्हणजे ५५ टक्के. .००५ चोककडून ५० टक्क्यांची अपेक्षा असते. डाव्या नळीने १६८ च्या जवळ, म्हणजे ६६ टक्के. तिथे अपेक्षा ६० होती. कमी वेगाने आणि लहान स्तंभात निघालेले छर्रे नळीत एकमेकांवर कमी चेपले जातात, गोल राहतात आणि सरळ जातात, हे त्याचे कारण असावे. विशेष म्हणजे वर्तुळात मोठी भगदाडे नव्हती.

११ जानेवारी

थंडीची वाट पाहत ही चाचणी मागे ठेवली होती. काडतुसे रात्रभर बाहेर ठेवून सकाळी तशीच उडवली. कमी दाबाच्या भरणीची कसोटी इथेच लागते, कारण गार दारू मंद पेटते आणि दाब ठरावीक पातळीच्या खाली घसरला तर ज्वलन नीट टिकत नाही. वेग सुमारे १५ मीटरने कमी झाला आणि नळीत पिवळट न जळलेले कण थोडे जास्त राहिले. एक आवाज मात्र बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मऊ आला. तिथेच थांबून बंदूक मोडली, पुंगळी काढली आणि नळीतून आकाश पाहिले. वाट मोकळी होती. वॅड नळीत अडकून राहिला असता आणि मागून दुसरे काडतूस उडवले असते, तर पातळ नळी फाटायला तेवढे पुरेसे होते. दुनळीत दुसरी नळी लगेच हाताशी असते, आणि सवयीने बोट दुसऱ्या चापाकडे जातेच. मऊ आवाज आला की बोट चापावरून काढायचे हे शरीराला शिकवावे लागते.

१८ जानेवारी

थंडीसाठी त्याच पुंगळीतली २४ ग्रॅमची छापील भरणी तक्त्यातून निवडली. तिचा दाब ४७० बारच्या आसपास दिलेला आहे, मर्यादेच्या आत, पण वरच्या २१ ग्रॅमच्या भरणीपेक्षा जास्त. म्हणून ती गारठ्यात अधिक खात्रीने पेटते. रात्रभर बाहेर ठेवलेल्या काडतुसांचे आवाज सगळे एकसारखे आले आणि नळी स्वच्छ राहिली. धक्का थोडा वाढला, तरीही ९६ च्या नियमाने बंदुकीला सोसवणाऱ्या ३० ग्रॅमपेक्षा तो बराच खाली आहे.

दोन्ही भरण्यांच्या डब्यांवर तारीख, पुंगळी, प्रायमर, वॅड, दारूचा गट क्रमांक, छऱ्यांचे वजन आणि ‘फक्त अडीच इंची चेंबर’ असे लिहिले. २१ ग्रॅमच्या डब्याला पांढरी पट्टी आणि २४ ग्रॅमच्या डब्याला निळी. पुढच्या महिन्यात दस्त्याची चीर पुन्हा भिंगाखाली पाहायची आणि पुंगळ्या दुसऱ्यांदा भरण्याआधी सगळ्यांची तोंडे फाटली आहेत का ते तपासायचे, एवढे काम उरले आहे.